कांदा सडतो कुठे, वाचवायचा कुठे: वाफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत

माझं माहेर येवला तालुक्यातलं. चाळीतला, म्हणजे वारा खेळणाऱ्या साठवणीच्या शेडमधला, कांदा कसा आहे हे आमच्याकडे आधी नाकाला कळतं. श्रावण सरता सरता दादा चाळीची पहिली फळी काढतो. कोरडा, सालीचा वास आला तर वहिनी चहा ठेवते. आंबूस वास आला तर कुणी काही बोलत नाही, सगळे पाट्या घेऊन निवडायला बसतात.

एका वर्षी २०० क्विंटल भरलेल्या चाळीतून विकण्याजोगा १२० क्विंटलच निघाला. आम्ही दोष चाळीला दिला: पत्रा तापतो, वारा लागत नाही. पण दादाबरोबर बसून त्या हंगामाची वही मागे चाळत गेले, तेव्हा वेगळंच दिसलं. मार्चमध्ये कांदा पोसावा म्हणून युरियाचा जादा हात दिला होता. एप्रिलमध्ये अवकाळीच्या भीतीने पात हिरवी असतानाच उपटला होता. खांडणीवाल्या, म्हणजे कांद्याची पात कापणाऱ्या, बायका दुसऱ्या गावी जाणार होत्या म्हणून तिसऱ्या दिवशीच चाळ भरली होती. ऑगस्टमध्ये जो कांदा सडला, त्याची सड मार्च-एप्रिलमध्येच आत शिरली होती. चाळीत ती फक्त दिसली.

म्हणून हा लेख चाळ बांधण्यापुरता नाही. कांदा वाफ्यातून निघून ठाण्यातल्या माझ्या ओट्यावर येईपर्यंत कुठे कुठे वाया जातो आणि प्रत्येक ठिकाणी काय करता येतं, ते क्रमाने सांगते.

जगाचा हिशोब थोडक्यात. काढणीनंतर दुकानात पोहोचेपर्यंत सुमारे १३ टक्के अन्न वाया जातं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना सांगते. त्यापुढे दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं. कांद्याचं दुखणं या सरासरीत मावत नाही. एप्रिल-मेमध्ये निघालेल्या उन्हाळ कांद्यावर देशाला ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत काढायचं असतं, तेही बहुतांशी शीतगृहाशिवाय, नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर. चार-पाच महिन्यांत साध्या साठवणुकीतला तीस-चाळीस टक्के माल जाणं शेतकऱ्यांना नवीन नाही.

पहिली पायरी: कशाने जातो, ते वेगवेगळं मोजा

"खाद निघाली" (म्हणजे खराब माल निघाला) एवढंच म्हणून आपण सोडून देतो. पण चाळीतली घट चार प्रकारची असते आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

वजनाची घट म्हणजे कांद्यातलं पाणी उडणं. ती पूर्ण थांबत नाही. मात्र साल निघालेला, नीट न सुकवलेला कांदा जास्त आटतो. सड म्हणजे बुरशी किंवा जिवाणूंनी कांदा मऊ पडून पाणी सुटणं. ती बहुतेक वेळा ओल्या मानेतून नाहीतर जखमेतून आत शिरते. काजळी म्हणजे सालीवरची काळी बुरशी, ती दमट हवेत वाढते. चौथा प्रकार कोंबांचा. पावसाळा संपून हवा गार झाली की कांद्याची झोप मोडते आणि कोंब फुटतात.

चाळ भरताना किती क्विंटल भरला ते लिहा. उघडताना चांगला, सडका, कोंबाचा आणि काजळीचा असे चार ढीग करून तोला. मजुरांना अर्धा दिवस जास्त लागेल. पण सड जास्त असेल तर चूक काढणीत शोधायची, काजळी जास्त असेल तर चाळीच्या हवेत, आणि कोंब जास्त असतील तर वाणात किंवा विकायला केलेल्या उशिरात. हे वहीत नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पत्र्यालाच दोष दिला जाईल.

दुसरी पायरी: टिकणाराच कांदा साठवा

खरिपाचा लाल कांदा, म्हणजे बसवंत-७८० सारखे वाण, साठवणुकीचा नाही. काढला की विकायचा. खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामाचा रांगडा कांदाही फार दम धरत नाही. चाळीत घालायचा तो रब्बीचा उन्हाळ कांदा. एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण व भीमा शक्ती हे टिकणारे वाण आहेत. घरचं बी धरत असाल तर ऑक्टोबरपर्यंत चाळीत न फुटलेल्या, एकसारख्या, बारीक मानेच्या कांद्यातूनच गोट, म्हणजे बियासाठीचे कांदे, लावा. घाईच्या वर्षी कुणाकडून तरी आणलेल्या बियात जोड (दोन कांदे चिकटलेले) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) जास्त निघाले, तर पुढची सगळी काळजी अर्धी वाया जाते.

तिसरी पायरी: युरिया आणि पाणी वेळेवर थांबवा

नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आसपास द्या. ६० दिवसांपुढे युरिया टाकू नका. उशिरा दिलेल्या नत्राने कांदा मोठा होतो खरा, पण मान जाड राहते. जाड मान आतून सुकत नाही आणि तीच बुरशीची वाट होते. पालाश आणि गंधक मात्र शिफारशीप्रमाणे पूर्ण द्या, साल घट्ट व्हायला त्यांची मदत होते.

काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. दरवर्षी जिवाला घोर लावणारी हीच गोष्ट आहे. बाजूच्या शेतात पाणी चालू असतं आणि आपला कांदा शेवटी थोडा अजून भरेल असं वाटत राहतं. ट्रॉलीचं वजन वाढतं हे खरं, पण ते पाणी चाळीत टिकत नाही. लगेच विकायचा असेल तर द्या पाणी. साठवायचा असेल तर तोडा.

चौथी पायरी: काढणी, सुकवण आणि खांडणी

अर्ध्याअधिक पिकाच्या माना आपसूक पडल्या की कांदा काढायचा. त्याआधी काढला तर मान ओली असते. सगळ्या पडून पात वाळेपर्यंत थांबलात तर साल तडकते आणि उपटताना निघून येते. पाटा फिरवून किंवा पायाने माना मोडून कांदा पिकत नाही, त्याला जखम तेवढी होते.

उपटलेला कांदा ढीग न घालता ओळीने पसरा. पहिल्या ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात यावी. याने दोन कामं होतात. कांदा उन्हाने भाजत नाही आणि पातीतला रस व अन्नद्रव्यं हळूहळू कांद्यात उतरतात. असे तीन ते चार दिवस शेतातच राहू द्या. एप्रिलच्या उन्हात उघडा पडलेला कांदा एका बाजूने पांढरट-हिरवा पडतो. पुढे तोच भाग आधी मऊ होतो.

आता खांडणी. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं असं माझं मत आहे, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मान कापताना कांद्यावर तीन ते चार सेंटिमीटर नाळ राहिली पाहिजे, म्हणजे साधारण दीड इंच, अंगठ्याचं वरचं पेर झाकेल इतकी. ही नाळ पीळ पडून सुकते आणि बुच लावल्यासारखं तोंड बंद होतं. अगदी कांद्याला लागून कापलं तर तोंड उघडं राहतं. विळा घसरून कांद्यालाच लागला तर तो चाळीत जाताच कामा नये.

पण खांडणी ठेक्याने दिलेली असते. एकराला इतके. त्यात बाईला जेवढं भराभर कापेल तेवढं परवडतं. तिने नाळ मोजत बसावं अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. आईबरोबर मी लहानपणी हे काम केलं आहे. सकाळी सहाला बसलेल्या बाईचा हात अकरानंतर कसा चालतो, ते मला माहीत आहे. म्हणून साठवायच्या कांद्याची खांडणी रोजाने लावा, नाहीतर ठेक्यात थोडे पैसे वाढवून नाळेची लांबी आधीच ठरवा. धार लावलेले विळे द्या. सावलीला कापड बांधा आणि पाणी जवळ ठेवा. १०० क्विंटलमागे मजुरीचे दोन-तीन हजार रुपये जास्त गेले, तरी चार-पाच क्विंटल कांदा वाचला की ते निघून येतात.

खांडलेला कांदा लगेच चाळीत नको. झाडाखाली किंवा शेडमध्ये १० ते १५ दिवस पातळ थर देऊन सुकवा. मान चिमटीत धरून बघा. ओलसर, घसरती लागली तर अजून थांबा. साल हातात चुरचुरली आणि मान कोरडी वाटली तर कांदा तयार आहे.

आणि मध्येच अवकाळी आला तर? ताडपत्री घाला, पण पाऊस थांबताच काढा. झाकलेल्या ढिगाला रात्रीतून घाम येतो. भिजलेला कांदा वेगळा ठेवून आधी विका. तो चांगल्या कांद्यात मिसळलात की एकाची सड शेजारच्या दहांना लागते. आमच्या २०० क्विंटलमध्ये ओल्या मानेच्या कांद्याने तेच केलं.

पाचवी पायरी: निवड

चाळीत जाणारा कांदा मध्यम, गोल, बारीक मानेचा, पूर्ण साल असलेला. जोड कांदा, डेंगळे, कापलेला, उन्हाने हिरवा पडलेला, सालनिघा आणि जाड मानेचा कांदा बाजूला काढा. फार मोठा कांदाही साठवू नका, तो लवकर कुजतो. गोलटी आणि चिंगळी, म्हणजे लहान आणि अगदी बारीक कांदा, घातली तर मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजतात आणि वारा अडतो.

बाजूला काढलेला हा माल वाया घालवायचा नाही. मे महिना कडक उन्हाचा असतो. आमच्याकडे चिंगळी चिरून गच्चीवर वाळवतात. तो वाळलेला कांदा वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्यात जातो. गावात महिला बचत गट असेल तर सोलर ड्रायरवर हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं आणि हॉटेलवाले असा वाळवलेला कांदा घेतात.

सहावी पायरी: चाळ

चाळ म्हणजे खालून आणि बाजूंनी वारा खेळेल असं घर. उंचवट्यावर बांधा, पाणी साचणाऱ्या जागी नको. शेजारी गोठ्याची भिंत, उसाचं शेत किंवा दाट झाडी असेल तर वारा मरतो. एकपाखी (एका रांगेची) चाळ उत्तर-दक्षिण लांबीची, दोनपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असावा. पट्ट्यांमधून कांदा गळू नये, पण वारा यावा. छताला मंगलोरी कौलं किंवा सिमेंटचे पत्रे घाला, लोखंडी पत्रा तापतो. छताच्या पाख्या भिंतीबाहेर तीन फुटांपर्यंत आल्या तर पावसाची झड आत येत नाही.

मापं लक्षात ठेवा: थराची रुंदी ४ फूट, उंची ५ फूट. २५ टनांच्या दोनपाखी चाळीत ४० फूट लांबीच्या अशा दोन रांगा आणि मध्ये जायला वाट असते. ही मापं उगाच आलेली नाहीत. चार फुटांपलीकडे वारा आरपार जात नाही आणि पाच फुटांपेक्षा उंच थर झाला की खालच्या कांद्यावर भार येऊन तो दबतो. भाव वाढेल या आशेने सात फुटांपर्यंत भरलेल्या चाळी मी पाहिल्या आहेत. त्यांचा तळ उघडताना माणसं नाकाला रुमाल बांधतात.

भरण्याआधी जुन्या साली, माती, मागच्या वर्षीचा कचरा पूर्ण काढून दूर नेऊन पुरा. फळ्या आणि तळ कृषी सहायकाला विचारून बुरशीनाशकाने फवारून वाळू द्या. भरताना पाटी छातीच्या उंचीवरून ओतू नका, ढिगावर चढून चालू नका. दर दहा फुटांवर आडवी फळी टाकून कप्पे केले तर एका कप्प्यातली सड दुसऱ्यात जात नाही आणि विकताना एकेक कप्पा उघडता येतो. चाळीच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करतात. बांधकाम सुरू करण्याआधी पूर्वसंमती घ्या आणि नकाशातली मापं बदलू नका.

कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. भिंतीवरचा आर्द्रतामापक मिळतो, तो टांगा. पावसाळ्यात झडीच्या बाजूने शेडनेट किंवा ताडपत्री सोडा आणि ऊन पडताच गुंडाळा. महिनाभर पडदे सोडून ठेवलेली चाळ काजळीला आमंत्रणच देते.

शीतगृहाचं अनेकजण विचारतात. कांदा ० ते २ अंशांवर चांगला राहतो, पण बाहेर काढल्यावर भराभर कोंब धरतो. १० ते २० अंशांच्या मधली थंडी तर कोंबांना पोषकच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तिथे कांद्याला ६० ते ९० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा दिली की कोंब थांबतात. पण त्याने सड थांबत नाही. जखमी कांदा विकिरणानंतरही सडतोच. म्हणजे चौथी आणि पाचवी पायरी कुठल्याही यंत्राने चुकवता येत नाही.

सातवी पायरी: कधी विकायचं, याचा हिशोब

समजा मेमध्ये भाव क्विंटलला १२०० रुपये आहे. १०० क्विंटल तेव्हाच विकला तर १ लाख २० हजार. चार महिन्यांनी ३० टक्के घटून ७० क्विंटल उरला, तर तेवढेच पैसे यायला भाव १,७१४ रुपये हवा. निवडीची मजुरी आणि कर्जाचं व्याज त्यावर. घट १५ टक्क्यांवर आणली तर १,४१२ रुपयांतच ती रक्कम निघते. एका क्विंटलमागचे हे तीनशे रुपये नाळेत, सावलीत आणि पाच फुटांच्या थरात लपलेले असतात.

सगळा माल एकाच भावाची वाट बघत ठेवू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यात बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशा वेळी चाळीत अडकलेला कांदा घटतच राहतो. याचा राग आम्हा कांदेवाल्या घरांना आहे आणि तो रास्त आहे. पण रागाने कांदा टिकत नाही. कच्ची मान, भिजलेला, मोठा माल मेमध्येच काढा. मधला जुलैअखेरपर्यंत. सगळ्यात कोरडा, निवडक तेवढाच ऑक्टोबरसाठी ठेवा. आणि एखाद्या कप्प्यातून वास आला तर भाव कितीही असो, तो कप्पा त्याच आठवड्यात फोडा.

आठवी पायरी: बाजार आणि वाहतूक

चाळीतून ट्रॉलीत, ट्रॉलीतून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, तिथून गोणीत, गोणी ट्रकमध्ये, ट्रकमधून वाशीच्या गाळ्यावर, गाळ्यावरून टेम्पोत आणि टेम्पोतून दुकानाच्या टोपलीत. सात वेळा कांदा पडतो. आपटलेला कांदा वरून चांगलाच दिसतो, आठवड्याने आतून मऊ लागतो. आपल्या हातात पहिली दोन पडणी आहेत. ट्रॉलीच्या तळाला जुन्या गोण्या किंवा कडबा अंथरा. वर बसून बाजारात जाऊ नका. पावसाळी दिवशी ताडपत्री बांधा, पण मागची बाजू थोडी उघडी ठेवा.

व्यापारी आणि वाहतूकदारांसाठी: जाळीदार गोणी वापरा, थप्प्यांमध्ये वाऱ्याला जागा सोडा आणि ट्रक उन्हात उभा ठेवू नका. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे गेली. लांबच्या पल्ल्याला वेळ आणि हादरे कमी हे तिचं महत्त्व होतं. गावातल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एकच प्रतवारी केलेला माल थेट सोसायट्यांना दिला, तर या सातातली तीन-चार पडणी वाचतात. ठाण्यात आमच्या सोसायटीत दोन वर्षं असाच कांदा येतो आहे. माझ्या टोपलीत आता फेकण्याजोगा कांदा क्वचितच निघतो.

नववी पायरी: घर

मे-जूनमध्ये दहा किलो घेऊन ठेवला तरी चालतो. भर पावसात आणि ऑक्टोबरनंतर दोन-तीन किलोच घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आल्याबरोबर बाहेर काढून उघड्या टोपलीत, शक्यतो एका थरात ठेवा. अख्खा कांदा फ्रिजमध्ये नको. बटाट्याच्या टोपलीतही नको, बटाट्याचा ओलावा त्याला बाधतो. दर दोन दिवसांनी मऊ लागलेला कांदा उचलून आधी वापरा.

सालीवर काजळी असेल तर वरचे पदर काढून, धुऊन बघा. आतले पदर स्वच्छ आणि कडक असतील तर कांदा वापरता येतो. आतपर्यंत काळं, मऊ किंवा वासाचं असेल तर टाकून द्या. कोंब आलेला कांदा फेकू नका, तो खाण्यालायक असतो आणि कोंब पातीसारखा पिठल्यात घालता येतो. चिरलेला उरला तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. खानावळ किंवा कॅन्टीन चालवत असाल तर रात्रीच सोलून पाण्यात घालून ठेवू नका. सकाळच्या अंदाजाने सोला आणि रोज किती उरला ते लिहा. आठवडाभरात तुमचा अंदाज बसतो.

एवढं करूनही जो सडतो, त्याचं काय? तो रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात टाकू नका. जनावरांपुढे ढीग ओतू नका. जास्त कांदा खाल्लेल्या गुरांचं रक्त कमी होतं. तो खड्ड्यात शेण आणि कोरड्या पालापाचोळ्याबरोबर थर देऊन कुजवा. वरून माती टाका, महिन्याने एकदा खालीवर करा. तयार झालेलं खत मक्याला किंवा उसाला घाला. कांद्याच्या वाफ्यात मात्र घालू नका, त्यातली बुरशी पुढच्या रोपांना लागते.